मदत हवी आहे : शोरूमच्या भाड्याचा फर्निचरच्या किमतीवर नेमका किती भार पडतो?

बावधनकर

नमस्कार.

बावधन येथील नव्या सदनिकेसाठी आठ जणांचे सॉलिड सागवानी डायनिंग टेबल आणि खुर्च्या घ्यायच्या आहेत. टेबलाचे माप सात फूट बाय साडेतीन फूट, असे निश्चित केले आहे. त्याच मापाचे आणि साधारण त्याच घडणीचे भाव तीन ठिकाणी विचारले असता जे आकडे समोर आले, त्यांचा मेळ मला लागत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

बाणेर रस्त्यावरील एका मोठ्या शोरूमने २,८५,००० रुपये सांगितले. टिळक रस्त्यावरील एका जुन्या दुकानाने २,६५,००० सांगितले. ही जागा आजोबांच्या काळापासून स्वतःच्या मालकीची असल्याचे तेथील मालकांनीच गप्पांच्या ओघात सांगितले. उंड्रीच्या पुढे असलेल्या एका कारखान्याने, जेथे पत्र्याच्या शेडखाली भुशाच्या ढिगाशेजारी उभे राहून बोलणे झाले, १,७०,००० रुपयांत हेच काम करून देण्याची तयारी दाखवली.

बाणेरच्या शोरूममध्ये मी फरकाचे कारण विचारले, तेव्हा तेथील गृहस्थ म्हणाले, "साहेब, इथलं भाडं बघा, लायटिंग बघा, माणसं बघा. तिकडे शेडमध्ये हा खर्चच नाही." उत्तर पटण्यासारखे होते. पण मग टिळक रस्त्यावरील दुकानाला भाडे द्यावे लागत नसतानाही त्यांचा भाव बाणेरच्या इतका जवळ का, हे कळेना.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. शोरूममधील टेबलावर एक कापडी रनर अंथरलेला होता. तो सहज बाजूला सरकवला, तर खालचा पट्टा उरलेल्या लाकडापेक्षा स्पष्टपणे वेगळ्या रंगाचा दिसला. हा लाकडाचा दोष आहे, की अन्य काही?

माझा प्रश्न स्वस्त वस्तू कोठे मिळेल, हा नाही. २,८५,००० रुपयांपैकी किती पैसे टेबलाचे आणि किती पैसे बाणेर रस्त्याचे, हे सामान्य ग्राहकाला अजमावता येते का, आणि येत असल्यास कसे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. धन्यवाद.

हिशेबनीस

काही वर्षे फर्निचरच्या व्यवसायातील हिशेब पाहिले आहेत, त्या आधारावर लिहितो. प्रथम तिन्ही भाव एका पातळीवर आणावेत. लाकडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे. शोरूमचा भाव बहुधा करासह असतो, तर कारखान्याचा भाव बहुधा बिलाशिवायचा असतो आणि 'बिल हवे असल्यास कर वेगळा' हे वाक्य शेवटी येते. तसे असेल, तर शोरूमचा करापूर्वीचा भाव सुमारे २,४१,५०० रुपये होतो आणि खरा फरक १,१५,००० रुपयांचा न राहता सुमारे ७१,५०० रुपयांचा उरतो. हे आपण कारखान्याला विचारून घ्यावे, कारण पुढील सर्व गणित त्यावर अवलंबून आहे.

आता भाड्याकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, शोरूम ४,००० चौरस फुटांचे आहे आणि भाडे, देखभाल, वीज, पगार, गोदाम, जाहिरात असा सगळा मिळून महिन्याचा खर्च १० लाख रुपये आहे. म्हणजे दर चौरस फुटामागे महिन्याला २५० रुपये. आठ खुर्च्यांचे टेबल, भोवती फिरण्याची मोकळी जागा धरून, सुमारे १२० चौरस फूट अडवते. त्या तुकड्याचा महिन्याचा खर्च झाला ३०,००० रुपये. त्या जागेवरील नमुना पाहून महिन्याला एक ऑर्डर आली, तर प्रत्येक टेबलावर ३०,००० रुपये बसतात. दोन महिन्यांतून एक आली, तर ६०,००० रुपये. म्हणजे भाड्याचा दर तोच असूनही एका नगावरील भार दुप्पट होतो. म्हणून भाडे किती, यापेक्षा त्या भाड्याच्या जागेवरून माल किती वेगाने हलतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. महागडे फर्निचर सावकाश हलते. शिवाय पितृपक्षात दुकानात कोणी फिरकत नाही, तरी घरमालकाला भाडे पूर्ण द्यावे लागते. त्या पंधरवड्याची भरपाई दसरा-दिवाळीच्या ग्राहकांकडून होते.

आपल्या रनरखालच्या पट्ट्याचे उत्तर यातच आहे. सागवानाचा रंग उजेडात हळूहळू बदलतो आणि झाकलेला भाग मागे राहतो. तो दोष नव्हे, पण ते टेबल बराच काळ तसेच मांडलेले आहे, एवढे त्यावरून समजते. त्यावरून ऑर्डरी येत आहेत की नाहीत, हे मात्र समजत नाही.

भाड्याच्या सबबीत एक गोम असते, तीही सांगतो. प्लायवुड-व्हिनियरचे (प्लायवुडवर लाकडाचा पातळ थर चिकटवलेले) टेबल आणि सॉलिड सागवानाचे टेबल जागा सारखीच अडवतात, तरीही दुकानदार नफा टक्क्यांत लावतो. ८०,००० रुपयांच्या मालावर ४० टक्के म्हणजे ३२,०००, आणि १,६०,००० रुपयांच्या मालावर ४० टक्के म्हणजे ६४,०००. जागा तेवढीच, दिवे तेच, विक्रेताही तोच. महाग माल अधिक काळ पडून राहतो आणि त्यात भांडवल अधिक अडकते, हे मान्य केले, तरी जादाचे सगळेच ३२,००० रुपये भाड्याच्या खाती टाकता येणार नाहीत.

पेठेतला

टिळक रस्त्याच्या कोड्याविषयी थोडेसे. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली जमिनीच्या खंडाविषयी मांडलेला विचार असा, की खंड जास्त म्हणून धान्य महाग होत नाही, तर धान्य महाग असल्यामुळे जमिनीला जास्त खंड मिळतो. दुकानांनाही ते बरेचसे लागू पडते. बाणेर रस्त्यावर अडीच-तीन लाखांचे टेबल घेणारे लोक येतात, म्हणून तेथे व्यापारी चढ्या भाड्याने जागा घेतात आणि घरमालक ते भाडे मागू शकतो. 'आम्हाला भाडे जास्त पडते म्हणून किंमत जास्त' हे दुकानदाराचे म्हणणे त्याच्या वहीपुरते खरे आहे. बाजाराच्या दृष्टीने ते उलट वाचावे लागते.

टिळक रस्त्यावरील मालकांना भाडे द्यावे लागत नाही, हे खरे, पण उद्या ते दुकान त्यांनी एखाद्या बँकेला दिले, तर घरबसल्या भाडे सुरू होईल. ते उत्पन्न सोडून ते फर्निचर विकत आहेत. ते ग्राहकाला त्याचा वाटा का देतील? बाणेर रस्त्यावर ग्राहक २,८५,००० देण्यास तयार असेल, तर ते २,६५,००० मागतील. आपले २०,००० रुपये वाचतील आणि त्यांनाही बरे पडेल.

परंतु रिकार्डोला पूर्णपणे शरण जाऊ नये. भाड्यामुळे एक गोष्ट नक्की घडते : कमी नफ्यावर विकणारा माणूस त्या रस्त्यावर टिकतच नाही. त्यामुळे बाणेर रस्त्यावर चार दुकानांत भाव विचारले आणि चारही जवळपास निघाले, तर त्यावरून तो रास्त भाव आहे, असे समजू नये. तेवढा भाव लावू शकणारीच दुकाने तेथे उरलेली असतात. तुलना करायची, तर दुसऱ्या भागात जाऊन करावी, जशी आपण केली.

घासाघीस करायची असल्यास माझा अनुभव थोडा अनपेक्षित आहे. ज्याला पाच तारखेला भाडे भरायचे आहे, तो महिनाअखेरीस अधिक उतरतो. स्वतःच्या जागेतला मालक खुर्चीत मागे टेकून म्हणतो, "दोन दिवस विचार करा, टेबल कुठं पळून जात नाही."

रंधा

माझा स्वतःचा कारखाना आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या बाजूचे आहे, हे लक्षात घेऊन वाचावे. टेबलाची वरची फळी सात बाय साडेतीन फूट आणि सव्वा इंच जाडीची धरली, तर सुमारे अडीच घनफूट लाकूड लागते. पाय आणि खालच्या पट्ट्या मिळून पावणेदोन घनफूट, आणि आठ खुर्च्या मिळून सव्वापाच घनफुटांच्या आसपास. एकूण साडेनऊ घनफूट. रंधकाम, गाठी आणि कापणीतील घट धरता बारा घनफूट लाकूड आणावे लागते.

आता सागवान या एका नावाखाली काय काय विकले जाते, ते पाहा. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये बल्लारशाचा (चंद्रपूर जिल्ह्यातील) माल, बर्माचा (म्यानमारचा) माल आणि आफ्रिकेतून व दक्षिण अमेरिकेतून येणारा लागवडीचा माल यांचे दर एकमेकांपासून बरेच दूर असतात. घनफुटामागे केवळ २,००० रुपयांचा फरक धरला, तरी बारा घनफुटांवर २४,००० रुपये होतात. पॉलिशचेही तेच : हाताने मारलेले मेलामाइन आणि बंद खोलीत फवारलेले पीयू (पॉलियुरेथेन) या दोन लेपांची मजुरी वेगवेगळी असते. शोरूमने कोणते लाकूड धरले आणि उंड्रीच्या कारखान्याने कोणते, हे लेखी घेतल्याशिवाय ७१,५०० रुपयांचा संपूर्ण फरक दुकानाच्या जागेवर टाकणे योग्य होणार नाही.

टेबल पाहताना एकदा खाली वाकून पाहावे. वरची फळी खालच्या पट्ट्यांना ज्या स्क्रूंनी बसवलेली असते, त्यांची भोके लांबट ठेवलेली असावीत किंवा तेथे सरकणाऱ्या क्लिपा असाव्यात. पुण्याच्या हवेत लाकूड एप्रिल-मेमध्ये आकसते आणि श्रावणात फुगते. फळी घट्ट आवळलेली असली, तर दोन-तीन पावसाळ्यांत चीर जाते. हे काम चकचकीत शोरूममध्येही चुकलेले असू शकते आणि शेडमध्येही बरोबर केलेले असू शकते. ते भाड्यावर अवलंबून नसते.

शोरूमच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करतो. माझ्याकडे ग्राहकाला बसून पाहण्यासाठी तयार खुर्ची नसते. खुर्चीची पाठ किती कलती हवी, हे कागदावर ठरवता येत नाही, आणि ज्या खुर्चीवर बसून लोक ते ठरवतात, ती बाणेर रस्त्यावर ठेवलेली असते. आमच्याकडे येणारे पुष्कळ ग्राहक तेथे बसून, फोटो काढून मगच येतात.

बावधनकर

सर्वांचे मनापासून आभार. कारखान्याला विचारले : १,७०,००० हा भाव बिलाशिवायचाच आहे; बिलासह २,००,६०० रुपये होतील. लाकूड त्यांनी आफ्रिकेचे धरले आहे. शोरूमने आपले लाकूड बल्लारशाचे असल्याचे तोंडी सांगितले; लेखी देण्याविषयी 'कंपनीला विचारावे लागेल' असे उत्तर मिळाले.

यापेक्षा महत्त्वाचे असे, की याच शोरूमची दुसरी शाखा वाघोलीत आहे. तेथे भाडे निश्चितच कमी असणार, म्हणून मोठ्या आशेने फोन केला, तर भाव तोच निघाला : २,८५,०००. मग जागेचा भार नेमका कोठे गेला?

शिवाय बाणेरच्या विक्रेत्याने आपण होऊन सुचवले, की मांडलेले टेबलच घेतल्यास ते २,१०,००० रुपयांत, करासह देतील. हे कसे परवडते?

हिशेबनीस

साखळी दुकानांचे दरपत्रक बहुधा एकच असते. बाणेरचा आणि वाघोलीचा खर्च एकत्र करून त्याची सरासरी सर्व मालावर लावली जाते, म्हणजे वाघोलीचा ग्राहक बाणेरच्या भाड्यातील काही हिस्सा भरत असतो. एकाच मालकाच्या दोन शाखांत छापील भाव वेगळा ठेवला, तर ग्राहक मोबाइलवर दोन्हींची तुलना करून वाद घालतो, आणि ते कोणालाच नको असते. फरक पडलाच, तर तो सवलतीत पडतो, आणि ती फोनवर कोणी सांगत नाही.

मांडलेल्या टेबलाचे गणित सरळ आहे. ते हलल्याशिवाय नवा नमुना मांडता येत नाही आणि १२० चौरस फुटांचा खर्च तर चालूच राहतो. आतापर्यंतचे भाडे गेलेलेच आहे. पुढच्या दोन महिन्यांचे वाचवण्यासाठी ते किंमत उतरवतात. करापूर्वी हा भाव सुमारे १,७८,००० होतो, म्हणजे कारखान्याच्या १,७०,००० पेक्षा ८,००० रुपये अधिक. लाकूड खरोखर बल्लारशाचे असेल, तर हा भाव वाईट नाही.

रंधा

सहमत. रनरखालचा पट्टा काही महिने उघडा ठेवल्यावर बराचसा मिसळून जातो. एकदम एकसारखा रंग हवा असल्यास वरची फळी घासून पुन्हा पॉलिश करून द्यावी, अशी अट घालावी. मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बिलावर लाकडाचे नाव, 'प्रदर्शनातील नग' हा उल्लेख, वॉरंटी आणि घरपोच करण्याचा खर्च, एवढे लिहून घ्यावे. जोडलेले टेबल लिफ्टमध्ये मावत नसेल, तर पाय सुटे होतात का, हेही आधीच विचारावे. जिन्याने चढवण्याची हमाली आयत्या वेळी मजल्यागणिक मागतात.