चावडी म्हातारपणाने पडत नाही, दुरुस्तीने पडते

काळीमाती :
काल या ऑनलाइन मंचावर एकाने ठणकावून लिहिलं : ‘खान्देशातल्या पडक्या चावड्या, जुनी वाचनालयं पाडा, आरसीसीचे हॉल बांधा, वारशाचं कौतुक पुरे.’ वारसा ठेवा बाजूला. भिंत फुगते कशाने, ते तरी बघा.

गल्लीचं काँक्रिटीकरण होतं तेव्हा जुना थर कुणी खोदत नाही, वरच 15-20 सेंमीचा नवा घालतात. दोन-तीनदा निधी आला की जोतं रस्त्याखाली. पावसाचं पाणी पायाशी मुरतं. भिंत ओली दिसली की कमरेइतका सिमेंटचा गिलावा मारायचा. आता ओलीला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती वर चढते. गिलाव्याच्या वरच्या कडेला क्षार फुटतात, वीट पिठासारखी झडते, शेवटी तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. मग साहेब येतात, लाकडात दाभण खुपसूनही पाहत नाहीत, ‘धोकादायक’ लिहून मोकळे.

आधी पाण्याला वाट काढून द्या. भिंतीलगत चर, उतार बाहेर. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पायाशी ओल कमी-जास्त झाली की भिंतीला तिरकी चीर आलीच. मग सिमेंट खरवडा, दर्जा (विटांमधले सांधे) 20-25 मिमी खोल कोरा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने धुतले तर परत आत जिरतात) आणि भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवा. त्यानंतर चुना-वाळू 1:3, एक थर 10-12 मिमीच्या आत, वर ओलं गोणपाट. काम दिवाळी ते फेब्रुवारी. एप्रिलात केलं तर चुना नुसता वाळतो, धरत नाही.

एस्टिमेटवाला :
कागदावर झकास. चुना आणता कुठून? दुकानातली उघडी पडलेली पिशवी हवेनेच अर्धी मेलेली असते. कळीचा चुना (भाजलेले चुनखडे) पाण्यात विरवून किमान 15 दिवस हौदात पाण्याखाली मुरवायचा, हे निविदेत लिहून दाखवा. सगळ्यात कमी दराच्या ठेकेदाराला 31 मार्चच्या आत बिल काढायचं असतं.
आणि धाब्याचं, म्हणजे वरच्या मातीच्या छताचं काय? 20 सेंमी माती म्हणजे चौरस मीटरला 300 किलोच्या वर, भिजली की आणखी. दर साल मृगाआधी खारी माती कोण पसरणार, सरपंच? 12.5 सेंमीच्या स्लॅबचं वजनही तेवढंच, मग स्लॅब का नको?

काळीमाती :
वजन तेवढंच, वागणं नाही. स्लॅब दिवसा उन्हाने पसरतो, रात्री आखडतो. मातीच्या जुडाईची भिंत त्याच्यासोबत ओढली जाते आणि माथ्याशी आडवी चीर पडते. किलचन (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्या) आणि तुळया हा ताण झेलतात. टोकच कुजलं असेल तर तेवढंच कापून नवं सागवान सांधा, खाली दगड, बाजूंनी बोटभर हवा. पूर्ण छत उतरवायची गरज नाही.

उंबरठा :
तुमचा चुना मुरेपर्यंत एक विचारते. चावडीच्या ओट्यावर बसायचं कोण? गावातले ठरावीक लोक. बाया ग्रामसभेलासुद्धा दाराबाहेर उभ्या, आणि दलित वस्तीतल्या माणसाची जागा कुठे असायची हे सांगायला लावू नका. जोतं 60 सेंमी, रॅम्प नाही, स्वच्छतागृह नाही. हे जपायचंय?

एस्टिमेटवाला :
ताई, म्हणूनच म्हणतो, मोकळा सभामंडप बांधा. सगळ्यांना जागा.

पत्राद्वेष्टा :
सभामंडपाचं नाव काढलंत, आता ऐका. आमदार निधी आला की चार खांब, वर पत्रा, झालं लोकार्पण. मे महिन्यात 45 अंशांत त्याखाली बसून दाखवा. तापलेला पत्रा खालच्या माणसाला थेट भाजतो, सावली नावापुरती. पाऊस आला की माइक बंद. वादळात रावेर-यावलकडे केळीबरोबर पत्रेही आडवे होतात, कारण पत्रा धरून ठेवणारे जे-हुक कडेला दाट लावायचे तिथेच विरळ. भोकं पन्हाळीच्या खोलगट भागात पाडतात, खरं म्हणजे उंचवट्यावर हवीत. शिवाय वॉशर सुकलेले, म्हणून गळती.
उपाय आहेत. मधल्या आढ्याला फट सोडा, वर टोपी ठेवा, गरम हवा निघून जाईल. पत्र्याखाली 15-20 सेंमी अंतर ठेवून बांबूची चटई ताणा. पण यात फीत कापायला काही नाही ना!
फैजपूरला 1936 चं काँग्रेस अधिवेशन झालं, खेड्यातलं पहिलं. नंदलाल बोस यांनी बांबूत टिळकनगर उभारलं होतं. आपण नव्वद वर्षांनी पत्र्यावर अडलो.

एस्टिमेटवाला :
काय भो! तो मंडप अधिवेशनापुरता होता. त्याला ना वाळवी लागायला वेळ होता, ना लेखापरीक्षण. तुम्ही पत्र्यावर पांढरा चुना मारा आणि गप्प बसा.

पत्राद्वेष्टा :
ओला चुना जस्ताचा थर खातो, साहेब. पांढरा अॅक्रिलिक रंग मारतात. एस्टिमेट करता म्हणे.

एस्टिमेटवाला :
बरं, रंग. धन्य झालो. पण धागा चावडीचा आहे, कुणाच्या लक्षात आहे का?

काळीमाती :
आहे. उंबरठाताईंचा मुद्दा मी टाळला, कबूल. वारसा म्हणणाऱ्यांनी तो कायमच टाळलाय. 60 सेंमीला 1:12 उताराने 7.2 मीटर रॅम्प लागेल. गल्लीत एवढी लांबी नाही, मधे 1.5 मीटरचा सपाट टप्पा घेऊन वळवावा लागेल. मागच्या बाजूला परसात जागा आहे, तिथून सहज निघेल. स्वच्छतागृहही तिकडेच.

उंबरठा :
मागच्या बाजूने. म्हणजे आम्ही पुन्हा मागून यायचं.

काळीमाती :
पुढून काढायचा तर ओट्याचा एक खण तोडावा लागेल.

उंबरठा :
तोडा.