कांजी, नीळ आणि शिंतोडे: इस्त्रीआधीची तयारी (अनुभव धागा)

उन्हाळा लागला की सुती साड्या, धोतरं, सदरे रोजच्या वापरात येतात. इस्त्री फिरवायला वेळ लागत नाही, पण कापड कसं बसणार हे त्याआधीच ठरलेलं असतं. तुमच्या घरची जुनी पद्धत प्रमाणासकट लिहा. किती पाणी, किती वेळ, काय बिघडतं आणि का बिघडतं, हे जरूर सांगा.

परभणी
सुती साडीला साबुदाण्याच्या कांजीसारखी कांजी नाही. ती पारदर्शक असते, त्यामुळे गडद रंगावर पांढरट झाक येत नाही. दोन मोठे चमचे साबुदाणा तासभर भिजवायचा. लिटरभर पाण्यात घालून मंद आचेवर शिजवायचा, आणि दाणा पूर्ण विरेपर्यंत हात थांबवायचा नाही, कारण खाली लागलेल्या कांजीचा तांबूस रंग पांढऱ्या कपड्यावर उतरतो. मग गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळायची. गार झाली की साय धरते आणि गाळता येत नाही. गाळणं टाळलं तर राहिलेला कण इस्त्रीखाली चिकटतो, जळतो आणि तपकिरी ठिपका पडतो.

एका साडीला ही कांजी अधिक दोन लिटर साधं पाणी. साडी आधी साध्या पाण्यातून काढून पिळलेली हवी. कोरडी बुडवली तर जिथं आधी लागेल तिथं जास्त पिते आणि पट्टे उठतात. बुडवल्यावर हलकी पिळायची, मग दोघींनी दोन टोकं धरून झटकायची आणि किनार ओढून सरळ करायची. वाळत घालताना उलटी बाजू वर. कांजी त्याच दिवशी वापरून संपवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती सकाळची संध्याकाळी आंबते, आणि तो वास कापडातून लवकर जात नाही.

धाराशिव
ताईंच्या पद्धतीत इरकलीपुरता एक बदल. अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर पदराची गुंडाळी करून सुतळीनं बांधा, ती बादलीबाहेर ठेवा आणि फक्त अंगच कांजीत घाला. रेशमी पदर कांजीनं कडक होतो आणि घडीवर चिरतो.

नांदेड
धोतर आणि खादीला आम्ही तांदळाच्या कण्यांची खळ करतो. मूठभर कण्या, दीड लिटर पाणी, पूर्ण शिजवून घोटायच्या आणि गाळायच्या. भाताची पेजही चालते, पण मीठ घालण्याआधी काढलेली. मिठाचं कापड हवेतला ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात कडकपणा राहत नाही. हातानं कातलेलं सूत सैल पिळाचं असल्यानं खादी खळ जास्त पिते. म्हणून तिला गिरणीच्या कापडापेक्षा पातळ खळ लावा, नाहीतर कॉलर मानेला काचते.

धोतराला इस्त्रीची गरजही नसते. किंचित दमट असताना काठावर काठ जुळवून घडी घाला, तळहातानं मधून कडेकडे दाबत न्या आणि रात्रभर गादीखाली ठेवा. दमट म्हणजे गालाला गार लागेल, पण हाताला ओल लागणार नाही इतपतच. त्याहून ओलं ठेवलं तर कुबट वास येतो.

लातूर
आमच्याकडे खरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. साबण फेसाळत नाही, त्याचा राखाडी चोथा होऊन धाग्यात बसतो आणि इस्त्रीच्या उष्णतेनं पिवळा पडतो. लोक इस्त्रीला दोष देतात, पण चूक खळबळण्यात असते. पांढऱ्या सुती कपड्यांना बादलीभर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवा, मग साबण लावा, आणि शेवटी तीन पाण्यांतून काढा. कांजीसाठी पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर फार उत्तम. रेशमाला सोडा अजिबात नको.

निळीचंही सांगते. भुकटीची नीळ विरघळत नाही, ती तळाशी बसते. पाव चमचा नीळ फडक्याच्या दुपदरी पुरचुंडीत बांधून पाण्यात हलवायची. ओंजळीत घेतलेलं पाणी फिकट आभाळी दिसलं की पुरे. कपडा पूर्ण उलगडून घालायचा, वरखाली करत राहायचा आणि लगेच काढायचा. पडून राहिला तर घड्यांमध्ये निळे चट्टे बसतात. भुकटीच्या निळीचा डाग पडलाच तर बादलीभर पाण्यात दोन लिंबांचा रस घालून बुडवा, आम्लानं ही नीळ फिकी पडते. बाटलीतली पातळ नीळ वेगळी, तिला हा उपाय लागू होईल असं धरू नका. कांजी आणि नीळ दोन्ही द्यायच्या असतील तर नीळ कांजीच्याच पाण्यात कालवावी, एका बुडवणीत काम होतं.

जालना
शिंतोडे मारायला कोमट पाणी घ्या, ते धाग्यात लवकर पसरतं. हाताची बोटं झटकून मारलेले थेंब बारीक हवेत. मग कपडा घट्ट गुंडाळून तासभर ठेवायचा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते. ही पायरी गाळली की ओल्या जागी इस्त्री अडकते आणि कोरड्या जागी सुरकुती जात नाही. एप्रिल-मे मध्ये गुंडाळीवर ओला पंचा लपेटा, नाहीतर बाहेरचे पदर तेवढ्यात वाळतात. पावसाळ्यात मात्र गुंडाळी रात्रभर ठेवू नका, काळे बुरशीचे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.

बीड, लॉन्ड्रीचा धंदा
कोळशाच्या इस्त्रीला बाभळीचा कोळसा चांगला, निखारा जड आणि टिकाऊ. तो बाहेर पेटवा. धूर आणि ज्योत पूर्ण गेल्यावरच इस्त्रीत भरा, नाहीतर काजळी आणि ठिणगी दोन्ही कपड्यावर येतात. वारा घालताना इस्त्रीचं तोंड कपड्यांपासून दूर. राख भोकांतून गळते, म्हणून प्रत्येक कपड्याआधी तळ ओल्या फडक्यावर फिरवायचा. कांजी चिकटली तर कागदावर जाडं मीठ पसरून त्यावर घासा, मग मेणबत्तीचा तुकडा फिरवून जुन्या फडक्यानं पुसा. जाड सुती आधी, इस्त्री उतरत आली की पातळ कपडे. टेरीकॉटला कांजी देऊ नका. ती आत शिरत नाही, वरच पापुद्रे धरते.

खाली घोंगडीची चौपदरी घडी आणि वर जुन्या धोतराचा तुकडा. कठीण फळीवर शिवणीचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.

छत्रपती संभाजीनगर
पैठणी आणि हिमरूवर (रेशीम-सुताचं नक्षीदार कापड) शिंतोडे मारू नका. रेशमावर थेंबाचा गोल डाग राहतो. दमट पंच्यात अर्धा तास गुंडाळा आणि उलट्या बाजूनं, मध्ये सुती कापड घालून कमी तापलेली इस्त्री फिरवा. जरीवर थेट तळ टेकवायचा नाही. साधी रेशमी साडी मऊ पडली असेल तर बाभळीचा स्वच्छ डिंक एक चमचा रात्रभर वाटीभर पाण्यात भिजवून, दोनदा गाळून, अर्ध्या बादलीत मिसळा. आधी कोपऱ्यावर रंग तपासा.

उदगीर
टोपीला परभणीच्या ताईंचीच कांजी, पण पाणी न मिसळता. चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) गरम कांजीत विरघळवला तर चकाकी येते आणि इस्त्री सरकते. टोपी पूर्ण वाळू द्यायची नाही. अर्धवट दमट असताना आधी पट्टी, मग वरचा भाग.

हिंगोली
एक राहिलं. पावसाळ्यात ट्रंकेत ठेवायच्या सुती साड्या कांजी धुऊन, बिनइस्त्रीच्या ठेवा. कांजीला कसर लागते, आणि कडक घडी वर्षभर एकाच रेघेवर राहिली की तिथं धागा तुटतो. दोन-तीन महिन्यांनी ऊन दाखवून घडी बदलायची.