शेणखत-पाचटाच्या द्राक्षबागेत बुरशी जास्त, म्हणजे रोग पण जास्त का?

नान्नजचा बागायतदार: थॉमसन द्राक्ष दोन एकर, डॉगरिज खुंटावर कलम केलेली. एका एकरात तीन वर्षं झाली शेणखत, पाचट, स्लरी चालू आहे आणि दुसऱ्यात नेहमीचंच. काल पाचट उचलून बघितलं तर खाली मातीला पांढरे धागेच धागे, वास मस्त पावसाळी मातीसारखा, पण घरचे म्हणतात बुरशी वाढवून ठेवलीस, आता गोड छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) भुरी-डाऊनी हे रोग झोडपणार. खरंय का?

कासेगावकर: दादा घाबरू नका, ती बहुतेक पाचट कुजवणारी बुरशी, वेलीला काही करत नाही. भुरीला जिवंत हिरवा भागच लागतो, पाचटावर ती वाढत नाही. आणि डाऊनी तर शास्त्रानुसार खरी बुरशीच नाही, वेगळ्या गटातली आहे. पान ओलं राहिलं की ती येणार, बाग जैविक असो नाहीतर रासायनिक, म्हणून कॅनॉपी, म्हणजे वेलीचा पानोरा, मोकळी ठेवा.

नान्नजचा बागायतदार: आणि ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी सोडलीय तिचं काय, मध्ये कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग झालं, म्हणजे मुळाशी ओतलं

बार्शीची ताई: अहो मग ते ट्रायकोडर्मा गेलंच समजा, कार्बेन्डाझिम त्याला पण मारतं! परत सोडा, शेणखतात मुरवून. आणि जैविक म्हणून बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किती पण मारू नका, तांबं मातीत कुजत नाही, साठतच जातं. माझं कळकळीचं सांगणं, छाटणीच्या जाड कापांना त्याच दिवशी बुरशीनाशकाची पेस्ट लावा, खोड सुकवणारी बुरशी तिथूनच आत शिरते, आमचे ओलांडे (वेलीचे आडवे हात) असेच गेले.