मदत हवी आहे: तुरुंगातले हसरे-रडवे ब्रिटिश चित्रपट

मंडळी, परवा बाबांबरोबर 'ग्रीनफिंगर्स' (2000) पाहिला. क्लाइव्ह ओवेन खुनाची शिक्षा भोगतोय, त्याला एक बियांचं पाकीट मिळतं, तो वैतागून ते मातीत टाकतो आणि बर्फातून चक्क जांभळी फुलं उगवतात. पुढे तो आणि सोबतचे कैदी माळी बनून थेट हॅम्पटन कोर्टच्या पुष्पप्रदर्शनात! लेहिल तुरुंगातल्या कैदी-माळ्यांवरून सुचलेली गोष्ट आहे म्हणे. बाबा हसता हसता मध्येच चष्मा पुसत होते.

मग 'पॉरिज' (1979) लावला. आपण 'जेलची हवा' खातो, तिकडे लापशी, म्हणजे पॉरिज! फुटबॉल सामन्याच्या गडबडीत रॉनी बार्कर नको असताना बाहेर पडतो आणि परत आत शिरायची धडपड करतो. धमाल, पण ते उच्चार... बाबांना निम्मं कळलंच नाही.

'लकी ब्रेक' (2001) यादीत आहे. अजून काय बघावं? 'मीन मशीन' नको, हाणामारी फार. पीटर सेलर्सचा 'टू वे स्ट्रेच' (1960) आज बघवतो का? आणि सबटायटलसकट कुठे मिळेल? रविवारच्या आत सांगा, बाबा मागे लागलेत.