प्रतिसाद: धाडस म्हणजे फक्त तुरुंग?

वर एकांनी लिहिलंय की ज्याला तुरुंगाची भीती नाही तोच खरा कार्यकर्ता. अर्धंच पटलं. आमच्या सोलापुरात धाडस म्हटलं की चार हुतात्मे आठवतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. पण मे १९३०मध्ये इथे मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला, तेव्हा नुसता तिरंगा जवळ बाळगणं हाही गुन्हा होता. तरी तो हातात घेणारे कितीतरी असतील. त्यांची नावं कुठल्या चौकाला नाहीत.

माझ्या शेजारच्या अक्का विड्या वळायच्या. माल द्यायला गेलं की तपासणारा मूठ-मूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत! एकदा अक्का म्हणाल्या, "खराब हाय ना? मग माझ्या टोपलीत टाका, मी नेते घरी." बस्स, एवढंच. पुढचे आठ दिवस त्यांना विड्या वळायला पान-तंबाखू मिळाला नाही. घरात तीन पोरं, नवरा यंत्रमागावर, तोही मिळेल तेव्हा. नवव्या दिवशी रांगेतल्या आणखी चौघी तेच वाक्य बोलल्या.

अक्कांना विचारलं होतं, भीती नाही वाटली? "वाटली की. रात्रभर झोप नाही आली."

तुरुंगात जाणाऱ्यामागे निदान वकील असतो, संघटना असते, पेपरात बातमी येते (हल्ली तीही येईलच असं नाही म्हणा). अक्कांच्या मागे कोण होतं?