जुनी गाडी आणि एअरबॅगचा न विझणारा दिवा : तुमचे अनुभव लिहा

चार महिन्यांपूर्वी आम्ही सात वर्षं वापरलेली गाडी घेतली. इंजिन छान, टायर नवे, कागदपत्रं चोख. तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला : बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात फुगा. चावी फिरवली की तो एरवीही लागतो आणि पाच-सहा सेकंदांत विझतो. आता विझायचं नावच घेईना. दोन ठिकाणी गाडी दाखवली, दोन्हीकडे तेच ऐकलं, ‘गाडी पळतेय ना? मग राहू द्या.’

मी महिनाभर राहू दिलं. त्या महिन्यात रोज मुलाला याच गाडीतून शाळेत सोडत होते, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

शेवटी एअरबॅगच्या बिघाडाचे कोड वाचता येणारा स्कॅनर असलेलं गॅरेज सापडलं. कोड निघाला ड्रायव्हरच्या सीटमधल्या साइड एअरबॅगचा : सर्किटचा रेझिस्टन्स जास्त. मेकॅनिकने सीट पूर्ण मागे सरकवली, बॅटरीची वायर काढली आणि मला म्हणाला, ‘दहा मिनिटं थांबायचं, मगच हात लावायचा.’ मग त्याने सीटखाली टॉर्च मारला. काडेपेटीहून लहान असा एक पिवळा कनेक्टर अर्धवट निसटलेला होता, आणि त्याला टेकून आमची घडीची छत्री. ती मीच तिथे ठेवायचे. सीट पुढे-मागे केली की छत्री वायरला ढकलायची. त्याने कनेक्टर साफ करून खटकन बसवला, वायर क्लिपमध्ये नीट अडकवली, कोड पुसला. दिवा विझला तो आजतागायत.

जुनी गाडी घेऊन हा दिवा ज्यांनी पाहिला असेल त्यांनी जरूर लिहा. दिवा कसा गेला एवढंच नको. नेमकं काय बिघडलं होतं, ते कसं सापडलं आणि काय करायला नको होतं, तेही सांगा.

*

माझ्याकडे दिव्याच्या आधी हॉर्न गेला. फ्यूज बदलला, काही उपयोग नाही. दोन दिवसांनी स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं बंद पडली आणि त्याच संध्याकाळी एअरबॅगचा दिवा लागला. मी तीन वेगळी दुखणी समजून तीन जणांना विचारत बसलो. दुखणं एकच होतं, क्लॉक स्प्रिंग.

स्टिअरिंगच्या मागे एक चपटी गोल डबी असते. तिच्यात फितीसारखी पातळ केबल घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. स्टिअरिंग फिरलं की ती उलगडते, परत गुंडाळते. हॉर्न, बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग, सगळ्यांच्या तारा तिच्यातूनच जातात. माझी जुनी डबी मी उघडून पाहिली. फीत एका वळणावर दुमडून चिरली होती, आतलं तांबं दिसत होतं.

आधीच्या मालकाने स्टिअरिंगखालचं काही काम करून घेतलं होतं. त्या वेळी स्टिअरिंग काढून परत बसवताना डबी मध्यावर आणलेली नसावी, असं नव्या मेकॅनिकचं मत. मध्य चुकला तर एका बाजूला पूर्ण वळवताना फीत कमी पडते आणि ताणून तुटते. म्हणून तुमच्याकडे हे काम निघालं तर चाकं सरळ ठेवून, डबी मध्यावर आणूनच बसवतायत ना, हे उभं राहून बघा.

*

वरचे दोन्ही अनुभव वाचून सांगावंसं वाटलं, कारण आमची गोष्ट उलटी आहे. आमच्या गाडीत हा दिवा कधी लागलाच नाही.

बाबांसाठी गाडी घेतली होती. दीड वर्ष बिनतक्रार चालली. एकदा माझ्या मित्राने, जो गाड्या तपासायचंच काम करतो, शेजारी बसून सहज म्हटलं, ‘चावी फिरव, इंजिन सुरू करू नकोस, नुसतं मीटरकडे बघ.’ बॅटरी, ऑइल, एबीएस, हँडब्रेक, सगळे दिवे लागले. एअरबॅगचा नाही. ‘बरंच आहे की, फॉल्ट नाही,’ मी म्हणालो. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘हा दिवा आधी लागून मग विझायला हवा. लागतच नाही म्हणजे कुणीतरी त्याचं तोंड बांधलंय.’

मीटर उघडला. दिव्याच्या जागेवर काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा, व्यवस्थित कापून लावलेला. ती काढली तर दिवा तळपत होता, बहुधा दीड वर्षं तसाच. पुढे खोलत गेलो. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅगच नव्हती. तिच्या कनेक्टरमध्ये तांदळाएवढा रेझिस्टर खोचलेला, म्हणजे कंट्रोल युनिटला वाटावं की बॅग जागेवर आहे. स्टिअरिंगमधली बॅग होती, पण एकदा फुटून गेलेली, घडी घालून आत कोंबलेली, वरचं झाकण चिकटवलेलं. दोन्ही सीटबेल्टचे प्रीटेन्शनरही (धडकेत पट्टा झटकन आवळणारे) उडून गेलेले. तरी दिवा का पेटला होता? कंट्रोल युनिटमध्ये जुन्या अपघाताची नोंद तशीच होती. ती पुसायची राहिली, म्हणून चिकटपट्टी.

आई नेहमी डावीकडे बसायची. मांडीवर पर्स, हात दाराच्या हँडलवर. दीड वर्ष.

विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. आम्ही तक्रार केली आहे, ती चालू आहे. गाडी पुढे विकायचा विचार एक क्षणही केला नाही. बॅगा, पट्टे, कंट्रोल युनिट सगळं नवं टाकण्यापेक्षा ती मोडीत काढणं परवडलं.

*

माझं थोडक्यात. गाडी महिनाभर उभी होती, बॅटरी उतरली, जंप करून सुरू केली आणि एअरबॅगचा दिवा लागून राहिला. कोड व्होल्टेज कमी पडल्याचा होता. बॅटरी बदलली, कोड पुसला, परत आला नाही. दरम्यान मी घरच्या घरी ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर लावून पाहिला होता, त्यावर ‘एकही फॉल्ट नाही’ असं आलं. दिवा समोर जळतोय आणि यंत्र म्हणतंय सगळं ठीक!

*

ब्लूटूथ स्कॅनरबद्दल : तो खोटं बोलत नव्हता. स्वस्तातले बहुतेक स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात. एअरबॅगची यंत्रणा वेगळ्या मॉड्यूलमध्ये असते, तिचे कोड बहुतेक ‘बी’ने सुरू होतात आणि ते वाचणारा स्कॅनर वेगळा लागतो.

मी पंधरा वर्षं गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो, म्हणून चार गोष्टी कळकळीने सांगतो. एअरबॅगच्या किंवा प्रीटेन्शनरच्या कनेक्टरला साधा मल्टिमीटर लावू नका. बॅग फोडणारा इग्नायटर जेमतेम दोन-तीन ओहमचा असतो आणि मीटर मोजताना स्वतःचा करंट सोडतो. तेवढ्यानेही बॅग फुटू शकते. ती सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायला याच्या काही पट वेळ लागतो, तेव्हा मागे सरकू वगैरे विसरा. संशय असेल तर बॅग सोडवून तिच्या जागी त्याच मापाचा टेस्ट रेझिस्टर लावून सर्किट तपासतात. (होय, वरच्या गाडीत फसवायला वापरला तोच. आमच्याकडे तो काम संपताच काढला जातो.)

बॅटरी काढल्यावर थांबायचं कारणही हेच. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी बॅग फुटावी म्हणून कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतात, त्यांच्यात चार्ज उरतो. किती वेळ थांबायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढं थांबा. काढलेली बॅग नेहमी झाकणाची बाजू वर करून ठेवायची. पालथी ठेवली आणि फुटली, तर ती अख्खी उडते.

आणि दिवा जळत असेल तर एकच बॅग बंद आहे की सगळ्याच, हे दिव्यावरून कळत नाही. बऱ्याच गाड्यांत फॉल्ट दिसला की पूर्ण यंत्रणा बंद होऊ शकते. ‘साइडचीच तर आहे’ असं गृहीत धरून चालवू नका. पट्टा तर लावाच. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

*

एक वेगळा मुद्दा. दिवा बरोबर लागून बरोबर विझतो, म्हणजे बॅग निर्धोक आहे, असंही नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरचं, म्हणजे बॅगेत गॅस भरणाऱ्या डबीचं, प्रकरण आठवा. त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते खराब व्हायचं आणि बॅग फुगताना धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसाला लागायचे. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर. कंपनीने २०१७मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. या दोषासाठी डॅशबोर्डवर दिवा नाही, कारण सर्किट ठणठणीत असतं. रिकॉलची पत्रं नोंदीतल्या मालकाकडे जातात आणि गाडी दोन-तीन हात फिरली की ती वाटेतच हरवतात. चॅसी नंबर घेऊन उत्पादकाच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये रिकॉल बाकी आहे का ते विचारा. रिकॉलचं काम मोफत होतं. माझ्या गाडीचा नंबर त्या यादीत नव्हता, पण विचारेपर्यंत मला तरी कुठे माहीत होतं?

*

सीट कव्हरचं कुणी लिहिलं नाही. माझ्या सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी आहे, ती आधीच्या मालकाच्या जाड कव्हराखाली गाडली गेली होती. साइड एअरबॅग तिथूनच शिवण उसवून बाहेर येते. कव्हर त्याच दिवशी काढून टाकलं.

*

हा धागा काल रात्री वाचला. आज सकाळी चावी फिरवली आणि नुसता बघत बसलो. एअरबॅगचा दिवा लागला नाही. तीनदा केलं. गाडी घेऊन आठ महिने झालेत. आता काय करू?

*

आधी मॅन्युअल उघडून तुमच्या मॉडेलमध्ये तो दिवा कुठे असतो ते बघा. काही गाड्यांत शेजारच्या सीटची बॅग बंद असल्याचा दिवा वेगळा असतो, त्याच्याशी गल्लत नको. स्वतः काही खोलू नका. एक गोष्ट मात्र हात न लावता कळेल : सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, खाली शिवलेलं लेबल असतं, त्यावर बहुधा बनवल्याची तारीख सापडते. ती गाडीच्या तारखेच्या आसपास आहे का पाहा. बरीच नंतरची असेल तर पट्टा बदललाय, कदाचित अपघातानंतर.

*

पाहिलं. उजवीकडचा पट्टा गाडीच्याच वर्षाचा आहे. डावीकडचा तीन वर्षांनी नवा. उद्या सकाळी पूर्ण स्कॅन करायची वेळ घेतली आहे. तोवर गाडी जागेवरून हलवत नाही. काय निघतं ते इथेच लिहितो.