राजगड–तोरणा धारेची वाट आणि शेजारचा वणवा : सोलापूरहून निघण्यापूर्वी सल्ला हवा आहे

होटगीरोडकर

नमस्कार. आम्ही सोलापूरचे नऊ जण, त्यांत अकरावीतली दोन मुले, मार्चच्या दुसऱ्या शनिवारी राजगडावरून धारेने, म्हणजे दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगराच्या माथ्यावरून, तोरण्याला जाण्याचा विचार करत आहोत. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने पुणे, तेथून ठरवलेल्या गाडीने पहाटे गुंजवणे, चोर दरवाजाने राजगड, मग संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून धार धरायची आणि बुधला माचीवरून तोरण्यावर पोहोचून अंधार पडण्यापूर्वी वेल्ह्यात उतरायचे, असा बेत आहे.

काल पायथ्याच्या वाडीतील एका परिचितांचा फोन आला. वेल्हे–भुतोंडे रस्ता जेथे धार ओलांडतो, त्या खिंडीच्या तोरण्याकडील बाजूस वणवा लागून गेला आहे, एक सोंड (धारेवरून खाली उतरणारा डोंगराचा फाटा) अजून धुमसत आहे आणि त्या सोंडेवरून वर येणारी वाट बंद केली आहे, असे त्यांनी सांगितले. मुख्य धारेची वाट बंद असल्याचे मात्र ते म्हणाले नाहीत. उपग्रहाच्या नकाशावर दोन दिवस त्या जागी आगीचा लाल ठिपका दिसलेला नाही. अशा वेळी बंद सोंड टाळून धारेने जाणे योग्य ठरेल का? उन्हाची आम्हांला सवय आहे, पाणीही भरपूर घेणार आहोत. रेल्वेची तिकिटे काढून झाली आहेत, म्हणून लवकर मार्गदर्शन मिळाल्यास बरे होईल.

कातळवाट

होटगीरोडकर, आपण विचारून निघत आहात हे फार चांगले केलेत. माझे स्पष्ट मत असे की या खेपेस खिंडीच्या पुढे जाऊ नये, आणि हे मी केवळ मुले बरोबर आहेत म्हणून सांगत नाही.

खालची एक सोंड बंद आहे याचा अर्थ वरची धार मोकळी आहे असा होत नाही. आग चढावर सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते पेट घेण्यापूर्वीच वाळवून कोरडे करतात. दिवसा उतार तापला की वाराही दरीतून वर वाहू लागतो. म्हणजे खाली धुमसणारे एखादे खोड दुपारी भडकले तर ती आग ज्या दिशेने येईल, नेमके त्याच टोकाला आपण उभे असू. त्यातही खिंड आणि नाळ (उतारावरची अरुंद घळ) या जागा सर्वांत वाईट, कारण धुराड्यातून धूर जावा तशी आग तेथून वर खेचली जाते. आणि घाबरलेला माणूस उतरण्यासाठी नेमकी नाळच शोधतो. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 रोजी वणव्यात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी 20 हून अधिक जणांचा जीव गेला. तोही वाळक्या गवताचा डोंगरउतार होता आणि महिनाही हाच होता.

उन्हाच्या सवयीविषयी एक नम्र सूचना. सोलापूरचे 42 अंश सोसणे वेगळे आणि कंबरभर गवत पेटल्यावर त्याची धग सोसणे वेगळे. त्या धगीची सवय कोणालाच नसते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे ट्रेकचे कपडे अशा वेळी वितळून कातडीला चिकटतात, म्हणून या दिवसांत कोणत्याही डोंगरावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत.

आपल्या बेतात आणखी एक गोष्ट खटकली. गुंजवण्यापासून वेल्ह्यापर्यंत एका दिवसात जायचे म्हणजे सरावलेल्या माणसालाही पूर्ण दिवस लागतो. नवख्या मुलांना घेऊन आपण खिंडीत दुपारी पोहोचाल, आणि वणव्याच्या दृष्टीने तीच सर्वांत धोक्याची वेळ आहे.

उजनीकाठ

लाल ठिपक्याबद्दल थोडे लिहितो, कारण त्याबाबत पुष्कळ गैरसमज आढळतो. आगी दाखवणारा नासाचा फर्म्स नकाशा काय किंवा भारतीय वन सर्वेक्षणाच्या सूचना काय, दोन्हींचा आधार मुख्यतः व्हीआयआयआरएस आणि मोडिस या उपग्रहांवरील संवेदकांवर आहे. पहिल्याच्या चित्रातला एक चौकोन सुमारे 375 मीटरचा आणि दुसऱ्याचा सुमारे 1 किलोमीटरचा असतो. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर दाखवला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष आग धारेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे त्यावरून ठरवता येत नाही. उपग्रह आपल्या डोक्यावरून ठरावीक वेळीच जातात, साधारणपणे दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. सकाळी अकराला पेटून साडेबाराला विझलेले गवत त्यांना दिसणारच नाही, आणि ढोलीत धुमसणारे खोड तर बहुधा कधीच दिसत नाही. ठिपका दिसला तर आग आहे असे समजावे, पण दिसला नाही म्हणून आग नाही असे समजू नये.

त्यापेक्षा वाडीतील परिचितांना आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या पहाटे पुन्हा फोन करावा. वन विभागाचा 1926 हा क्रमांकही आहे. वणवा दिसल्यास तेथे कळवावे आणि कोणती वाट बंद आहे याची चौकशीही करावी.

बाराबंदी

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात असते. जळून गेलेल्या धारेवरून एकदा चालले आहे, म्हणून लिहिते. आग विझून चार दिवस झाले होते आणि आमच्यापैकी कोणालाही भीती वाटली नव्हती. एरवी घसाऱ्यावर (सुट्या माती-दगडांच्या उतारावर) पाय सरकला तर गवताचा बुंधा धरता येतो. तेथे बुंध्याला हात घातला की मुठीत नुसती राख यायची आणि मुळे सुटून यायची. माती धरून ठेवणारे काहीच उरले नसल्याने वरचे दगड आपोआप सुटत होते, समोरच्या माणसाचा पायही लागायला नको. कारवीचे काळे दांडे उभेच होते, त्यांच्या रेघा कपड्यांवर उमटत गेल्या. एका ठिकाणी माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला. खाली मूळ जळून पोकळी झाली होती आणि तेथील राख बुटातूनही कोमट लागत होती. वळणावरची एक गोगलगाय शंखासकट पांढरी पडलेली मला अजून आठवते.

एक कळकळीची विनंती आहे. राजगडावर चूल किंवा शेकोटी पेटवू नका. सह्याद्रीतले वणवे बहुतेक माणसांच्या हातूनच लागतात: कोठे शेतात राब (पालापाचोळा) भाजताना, कोठे पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने, आणि कोठे आपल्यासारख्यांच्या विडी-सिगारेटने. राखीव जंगलात आग लावणे हा 1927 च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे.

होटगीरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही नऊ जण एकत्र बसलो आणि सर्व उत्तरे मोठ्याने वाचली. खरे सांगायचे तर आमच्यासाठी अडचण वाटेची नव्हतीच. तीनशे किलोमीटर प्रवास करून खिंडीपर्यंत गेल्यावर ‘आता परत फिरा’ असे कोणी म्हणू शकले नसते, हे बोलताना सर्वांच्याच लक्षात आले. म्हणून निर्णय येथेच घेतला. तोरण्याची धार दिवाळीनंतर, गवत हिरवे असताना करू. या खेपेस फक्त राजगड: पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी चढायचे, त्याच वाटेने उतरायचे आणि बारापूर्वी पालीत परत यायचे. वाडीतून धुराची बातमी आली तर तेही रद्द करून मुलांना पुण्यात शनिवारवाडा दाखवून आणू.

एकच विचारायचे राहिले. गडावर असताना समोरच्या उतारावर धूर दिसलाच, तर खाली उतरावे की वरच थांबावे?

कातळवाट

धूर कोणत्या बाजूला आहे यावर ते अवलंबून राहील. पाली वाटेच्या बाजूला नसेल आणि वारा तो धूर तुमच्याकडे आणत नसेल, तर न रेंगाळता आल्या वाटेने उतरावे. त्या वाटेखालीच धूर असेल तर उतरू नये. पद्मावती माचीवर तलाव आहे, गवत नसलेली उघडी जागा आहे, तेथे सर्वांनी एकत्र थांबावे आणि 112 ला कळवावे. चढताना माचीवर पोहोचल्याबरोबर मुलांना ती जागा दाखवून ठेवा.